भरावावरची भिंत आणि शेजाऱ्याचे पाणी

जमीन मिळाली की ती भरून घ्यावी, भरून झाली की तिच्याभोवती भिंत घालावी, भिंत उभी राहिली की फाटकाशी संगमरवरी पाटी बसवून तिचा आशीर्वादविधी करावा, असा एक क्रम आमच्या धर्मग्रामांत आणि संस्थांत रूढ झाला आहे. या क्रमात कोठे तरी थांबावयाचे असते, मातीला बसावयास अवधी द्यावयाचा असतो, पलीकडे राहणाऱ्याला दोन शब्द विचारावयाचे असतात, याचे भान कोणास राहिलेले दिसत नाही. या क्रमाविरुद्ध आम्ही आज लेखणी उचलली आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: नव्या भरावावर लगोलग पक्की कुंपणभिंत उभारू नये, आणि पाण्याची वाट आधी मोकळी केल्यावाचून ती कधीच उभारू नये. ज्यांना हा केवळ गवंडीकामातील बारकावा वाटेल, त्यांना आम्ही शेवटपर्यंत वाचण्याची विनंती करतो. कारण या बारकाव्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत.

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात सापडलेला नाही. जालना शहरात मस्तगडाच्या बाजूस समाजाच्या उपयोगासाठी राखलेली एक सखल जागा आहे. वरच्या वस्तीचे पावसाचे पाणी आजवर तिच्यावरून वाहत कुंडलिकेच्या दिशेने जात असे. गेल्या उन्हाळ्यात तीत मुरूम, काळी माती आणि पाडलेल्या घरांचा राडारोडा यांचा पाच फूट भराव पडला. आता पावसाळा तोंडावर आला असता, तिच्या चारही अंगांनी नऊ इंची विटांची उंच भिंत घालावी, असे घाटत आहे. वर्गणीची पावतीपुस्तकेही छापून झाली आहेत. उताराच्या अंगाला, भरावाच्या अगदी पायथ्याशी, मोलमजुरी करणाऱ्यांची पत्र्याची घरे आहेत. त्यांतील कोणी आमच्या वेदीसमोर गुडघे टेकणारे नाहीत, म्हणून सभेत त्यांचे नावही निघाले नाही. आमचा विरोध येथूनच सुरू होतो.

मस्तगडाच्या शेजारी राहून भिंतींविषयी बोलणे तसे सयुक्तिकच आहे. निजाम-उल-मुल्क असफजाह याच्या आज्ञेवरून काबीलखानाने १७२५ साली जालन्याचा किल्ला आणि ही गढी बांधली. फारसी शिलालेख त्याची साक्ष देतो. चौकोनी बांधणी, कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकृती बुरूज, आत दगडी विहीर, असा तिचा थाट होता. पुढे तीत नगरपालिकेची कचेरी नांदली. पण एवढा तट असूनही १८०३ च्या सप्टेंबरात, असईच्या लढाईच्या थोडे आधी, कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतलेच. त्याच जालन्यात जमशेदखानाने मोती तलाव बांधविला आणि जमिनीखालून नळ टाकून तलावाचे पाणी शहरातील हौदांपर्यंत पोहोचविले. तट घालणाऱ्याचे नाव आज शिलालेख वाचणाऱ्यालाच ठाऊक असेल. मोती तलाव मात्र जालन्यातील शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भिंतीचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या बांधवांनी आपल्या शहराच्या या इतिहासावर एकदा विचार करावा.

भराव म्हणजे काय?

आमचे बहुतेक भाविक शिक्षक, नोकरदार, कारागीर आहेत. मातीचे शास्त्र त्यांना ठाऊक असावे, अशी आमची अपेक्षा नाही. परंतु ज्याच्या वर्गणीतून भिंत उभी राहणार, त्याला ती कशावर उभी राहणार हे कळले पाहिजे.

निसर्गाने हजारो वर्षांत दाबून बसविलेली जमीन आणि ट्रकने काल ओतलेली जमीन या दोन भिन्न वस्तू आहेत. ओतलेल्या मातीत ढेकळांच्या, विटांच्या तुकड्यांच्या, दगडांच्या फटीफटींत हवा कोंडलेली असते. पहिल्या पावसाचे पाणी त्या फटींत शिरते, ढेकळे विरघळतात, बारीक माती खाली सरकते आणि सारा भराव आपल्याच वजनाने खाली बसतो. पाच फूट भराव शंभरात पाच भागांनी बसला, तर तो तीन इंच खाली गेला असे होते. तो सगळीकडे सारखा तीन इंच बसला असता तर एक वेळ चालले असते. तो एके ठिकाणी एक इंच, दुसरीकडे चार इंच बसतो. जेथे जुना बांध दबला आहे तेथे मुळीच बसत नाही. विटांची भिंत लवचिक नसते. तिच्याखालची जमीन कमीजास्त खाली गेली की ती वाकत नाही, तडकते. भिंतीवर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तिरक्या भेगा दिसल्या की त्या सिमेंटच्या दोषामुळे पडल्या असे समजून आपण गिलाव्याचा नवा थर देतो. दोष असतो तो पायाखाली.

याला उपाय नाही असे नाही. भराव सहा-आठ इंचांच्या थरांनी घालावा, प्रत्येक थरावर पाणी मारावे, रोलर फिरवावा, आणि मगच पुढचा थर द्यावा, अशी रीत आहे. राडारोडा, कचरा, लाकूड-प्लॅस्टिक त्यात असता कामा नये. पण आमच्या गावोगावी भराव कसा पडतो? ट्रक येतो, ओततो, जेसीबी वरून दोन वेळा फिरतो आणि गुत्तेदार बिल लावतो. पाच फुटांचा ढीग वरून दाबला असता वरचा फूटभर थर तेवढा घट्ट होतो. खालचा जसाच्या तसा पोकळ राहतो. वरून चालणाऱ्याला जमीन टणक लागते आणि सभेत सांगितले जाते की भराव उत्तम दाबला आहे.

त्यातून आमची भूमी मराठवाड्याची. येथील काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिला पडलेल्या भेगांत हातभर काठी सहज जाते. तिच्यातील चिकणमातीच्या कणांचा तो धर्मच आहे. भराव एकदा बसला की शांत होतो. काळी माती दर वर्षी हलते. तिच्यावर उथळ पाया घालून बांधलेली भिंत पावसाळ्यात उचलली जाते, उन्हाळ्यात खचते. यावर उपाय म्हणून रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने, खालचे टोक कंदासारखे फुगीर असलेल्या काँक्रीटच्या खांबांची पद्धत विकसित केली. खोल काळ्या मातीत असे खांब जमिनीखाली निदान साडेतीन मीटर न्यावेत, असे भारतीय मानकात सांगितले आहे. कारण पावसाचा आणि उन्हाचा खेळ तेवढ्या खोलीखाली फारसा पोहोचत नाही. आमच्या प्रस्तावित भिंतीचा पाया किती खोल जाणार, असे आम्ही विचारले. दोन फूट, असे उत्तर मिळाले. म्हणजे पाया मूळ जमिनीपर्यंतही पोहोचणार नाही. तो पाच फुटांच्या भरावातच लोंबकळत राहणार!

कुंपण की धरण?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सपाट जागेवरची कुंपणभिंत केवळ स्वतःचे वजन आणि वाऱ्याचा झोत सोसते. परंतु आतली जमीन पाच फूट उंच आणि बाहेरची तेवढीच खाली असेल, तर ती भिंत कुंपण राहत नाही. तिच्या पाठीवर मातीचा भार येतो, आणि पावसाळ्यात पाण्याचा. आपण तिला कोणत्याही नावाने हाक मारली, तरी तिला काम मात्र धरणाचे करावे लागते.

हिशेब साधा आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो. दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट, उंचीपर्यंत पाणी भिंतीमागे तुंबले, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर केवळ पाण्याचाच रेटा अकराशे किलोंहून अधिक पडतो. चिंब मातीचा भार त्याहून निराळा. तेवढ्याच उंचीच्या नऊ इंची विटांच्या भिंतीचे स्वतःचे वजन एका मीटर लांबीत सातशे किलोही भरत नाही. आणि उंची दुप्पट केली की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो; भिंतीला उलथून टाकण्याचा जोर तर आठपट होतो. जुन्या बांधकामांत असे तट तळाशी रुंद आणि वर निमुळते असत, त्यांत पाणी झरण्यासाठी भोके ठेवलेली असत, ती उगाच नव्हे. आमच्या भिंतीच्या नकाशात असे एकही भोक नाही. कारण विचारता, आतले पाणी बाहेर पडले तर शेजारी कुरकुर करतील, असे सांगण्यात आले. म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात पाणी थेंबथेंब जाऊ नये म्हणून आपण ते त्याच्या डोक्याशी साठवून ठेवणार!

तीन पावसाळी रात्री

आमचे शब्द भडक वाटत असतील, तर वाचकांनी अलीकडच्या काही तारखा आठवाव्यात. २९ जून २०१९ च्या पहाटे, सारे झोपेत असताना, पुण्याजवळ कोंढव्यात एका निवासी संकुलाची भिंत कोसळून खालच्या बाजूस पत्र्याच्या खोपटांत राहणारी बांधकाम मजुरांची कुटुंबे तिच्याखाली सापडली. १५ जण मृत्यू पावले. त्यांत लहान मुले होती. ही माणसे मुख्यत्वे बिहारमधून पोटासाठी आलेली होती. तीनच दिवसांनी, १ व २ जुलैच्या मध्यरात्री, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाडा येथे जलाशयाची आवारभिंत उतारावरच्या झोपड्यांवर कोसळली आणि सुमारे तीस जीव गेले. ती भिंत काही जुनीपुराणी नव्हती. अलीकडेच बांधलेली होती. त्या २४ तासांत सांताक्रूझ येथे ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या भारतनगरात डोंगरउतारावरील भिंत घरांवर येऊन १९ जणांचा अंत झाला.

या तिन्ही दुर्घटनांची कारणे एकच होती, असे आम्ही म्हणत नाही. कोठे शेजारी खोदकाम चालले होते, कोठे पाणी तुंबले, कोठे झाड उन्मळून पडले. परंतु तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती: भिंत वरच्या जागेवर होती, जमीन पावसाने चिंब झाली होती, आणि खाली गरीब माणसे झोपली होती. भिंत ज्यांची होती त्यांच्यावर ती पडली नाही. भिंत नेहमी खालच्या बाजूला पडते, आणि खालच्या बाजूला कोण राहते हे आपल्या समाजात निराळे सांगावे लागत नाही. म्हणूनच आमच्या प्रस्तावित भिंतीच्या पायथ्याशी असलेली ती पत्र्याची घरे आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आक्षेपांना उत्तर

आम्ही हा विरोध बोलून दाखविला, तेव्हा आमच्यापुढे चार आक्षेप ठेवण्यात आले. ते प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप अतिक्रमणाचा. भिंत घातली नाही तर उद्या कोणी झोपडी टाकील, परवा टपरी उभी राहील, मग न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. ही भीती खोटी नाही. परंतु जमिनीची हद्द विटांनी सिद्ध होत नाही. ती भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने, नकाशाने आणि मालमत्ता पत्रकाने सिद्ध होते. मोजणी करून न घेता घातलेली भिंत एक हात पलीकडे गेली, तर अतिक्रमण करणारे आपणच ठरतो. आणि हद्दीच्या खुणा रोवून, सिमेंटचे खांब व तारा लावून जागा राखता येते. त्यासाठी धरण बांधावे लागत नाही. आमच्या मराठवाड्यातील शेतकरी बांधावर घायपात लावून पिढ्यान्‌पिढ्या हद्द राखीत आला आहे. तो अडाणी होता, असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की जालना दुष्काळाचा जिल्हा. येथे पाण्याची एवढी धास्ती कशाला? १९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी सोसला; २०१२-१३ साली जालनेकरांनी पिण्याच्या पाण्यासाठी काय हाल काढले, ते आम्ही सर्वांनी पाहिले. पण ज्या प्रदेशात पाऊस क्वचित येतो, तेथे तो आला की आवरत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते खरवडून नेली, गावांत पाणी शिरले, उभी पिके आडवी झाली. कोरडा ओढा म्हणजे मेलेला ओढा, हा समज घातक आहे. ओढा वाट विसरत नाही. आपणच ती विसरून तीत भराव टाकतो.

तिसरा आक्षेप: सगळेच भरतात, आपल्या एका तुकड्याने काय होणार? याचे उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या बांधवांना विचारावे. वसईत सखल शेते, पाणथळी आणि मिठागरांच्या कडा एकेका तुकड्यानेच भरल्या गेल्या. प्रत्येकाला आपला तुकडा लहानच वाटत होता. २०१८ च्या जुलैत पाऊस झाला तेव्हा मिठागरातील वस्तीला पाण्याने वेढा घातला आणि गावोगाव पाणी दिवसेंदिवस ओसरले नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीतून भूमी आणि पाणी यांच्या रक्षणासाठी आवाज उठविला, तेव्हा त्यांना विकासाचे शत्रू ठरविणारे कमी नव्हते. २०२४ साली ते प्रभूघरी गेले. त्यांनी दिलेला इशारा आजही तसाच उभा आहे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीचे पात्र भरावांनी आणि बांधकामांनी किती आवळले गेले होते, ते साऱ्या देशाला कळले. तेही एका दिवसात आवळले गेलेले नव्हते.

चौथा आक्षेप हळू आवाजात मांडला जातो. काळ बरा नाही, फादर. आपण संख्येने थोडे. भिंत असलेली बरी. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमच्या माताभगिनींच्या मनातील भय आम्ही जाणतो. तरीही आम्ही विचारतो, संकटाच्या वेळी आपल्या मदतीला आधी कोण धावून येईल? ज्याला आपण भिंतीपलीकडे ठेवले तोच, कारण तोच जवळ राहतो. पावसाळ्याच्या एका रात्री आपल्या भरावाचे पाणी त्याच्या चुलीत शिरले, त्याच्या पोरांची दप्तरे भिजली, तर पुढच्या वेळी तो कोणत्या तोंडाने आपल्यासाठी उभा राहील? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली, जो केवळ भिंती घालण्याचाच विचार करतो आणि पूल बांधण्याचा करीत नाही तो ख्रिस्ताच्या शिकवणीपासून दूर आहे, अशा आशयाचे उद्गार काढले होते. ते देशांच्या सीमांसंबंधी बोलत होते, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु जे देशांनी करू नये, ते धर्मग्रामांनी मात्र करावे, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही.

पवित्र शास्त्राची साक्ष

खडकावरच्या आणि वाळूवरच्या घराचा दाखला आमच्या मुलांना पहिल्या कम्युनियनच्या वर्गातच शिकविला जातो. आम्ही त्याचे प्रवचन करतो, नाटुकली बसवितो, आणि सोमवारी सकाळी भरावावर भिंतीची रेघ आखायला जातो. तो दाखला प्रभूने आत्म्यासाठी सांगितला हे खरे; पण ज्या सुताराने तो सांगितला त्याला पाया म्हणजे काय हे ठाऊक होते, हेही तितकेच खरे.

याहून कमी वाचली जाणारी काही वचने आहेत. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की धाब्याला कठडा घालावा. नाही तर कोणी खाली पडला, तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. म्हणजे बांधकामातील निष्काळजीपणाला मोशेचे नियमशास्त्र रक्ताचा दोष म्हणते. यहेज्केलच्या १३ व्या अध्यायात कच्ची भिंत उभारून तिला चुना फासणाऱ्यांचा धिक्कार आहे. मुसळधार पाऊस येईल, भिंत पडेल, आणि लोक विचारतील की तुम्ही फासलेला तो चुना कोठे गेला. यशयाच्या ३० व्या अध्यायात उंच भिंतीला आलेल्या फुगवट्याचे चित्र आहे. ती बघता बघता एका क्षणात ढासळते. संदेष्टे राष्ट्राच्या पापाविषयी बोलत होते. पण उपमा त्यांनी उगाच निवडली नाही. पडणारी भिंत आधी फुगते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असावे.

आणि लूकच्या १३ व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज आहे. तो पडला आणि १८ माणसे दगावली. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभूने लोकांना केला, आणि नाही, असे उत्तरही त्यानेच दिले. या उत्तराने मेलेल्यांवरचा दोष दूर झाला. आमच्या काळात मात्र भिंत पडली की झोपडीवाल्यांवरच ठपका येतो: ते तेथे का राहिले, त्यांनी बेकायदा घर का बांधले. ते तेथे राहिले, कारण त्यांना दुसरीकडे कोठेही राहू दिले गेले नाही. ज्यांच्या बुरुजाखाली माणसे येण्याचा संभव आहे, त्यांनी तो प्रश्न स्वतःला आधी विचारावा.

मग करावे काय?

केवळ विरोध करून थांबणे आम्हांला शोभणार नाही. म्हणून आमचा पर्याय आम्ही मांडतो.

यंदा विटेचे काम करू नये. मोजणी करून घेऊन हद्दीवर सिमेंटचे खांब रोवावेत, तारा ओढाव्यात, आणि पहिल्या पावसाबरोबर त्यांच्या कडेने घायपात, मेंदी, निरगुडी लावावी. दोन वर्षांत ते कुंपण डोळ्यांनाही सुखवील.

भरावाची कड हद्दीवर उभी कापलेली ठेवू नये. ती आत ओढावी आणि बाहेरच्या बाजूस सौम्य उतार देऊन त्यावर गवत वाढू द्यावे. यात काही फूट जागा जाईल. ती जागा गेली असे न मानता शेजाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी दिली असे मानावे.

पावसाळ्याआधी पाण्याची जुनी वाट शोधावी आणि तिला नवा, पुरेसा रुंद चर द्यावा. जेथे फाटकाचा रस्ता तो ओलांडतो तेथे मोठ्या व्यासाचे नळे टाकावेत. चर किती रुंद हवा हे अभियंत्याने ठरवावे. मात्र त्यापूर्वी त्याने पत्र्याच्या घरांत जाऊन, आजवर पाणी कोठपर्यंत चढले होते, हे विचारावे. ते ज्ञान कोणत्याही नकाशात नाही. ते त्या घरांतल्या म्हाताऱ्यांपाशी आहे.

दोन पावसाळे गेल्यावर, भिंत खरोखरीच हवी असे वाटले, तर जमिनीची तपासणी करून घ्यावी. खांब मूळ घट्ट जमिनीत न्यावेत, त्यांवर तुळई बांधून मग वीटकाम करावे, ठरावीक अंतरावर सांधे मोकळे सोडावेत. जेथे माती रोखावयाची आहे तेथे वेगळी, त्या कामासाठीच आखलेली भक्कम भिंत असावी. तिला पाणी झरण्याची भोके आणि त्यांच्यामागे खडीचा थर असावा. काम चालू असताना मजुरांच्या खोपटी भिंतीच्या किंवा खोदलेल्या चराच्या आडोशाला कधीही पडू देऊ नयेत.

यात खर्च वाढेल, असे म्हटले जाईल. वाढेलच. मग भिंत कमी लांबीची करावी. रस्त्याच्या बाजूस तेवढी घालावी आणि उरलेल्या तिन्ही बाजू झाडांच्या हवाली कराव्यात. ज्या विधवेने दोन टोले दानपेटीत टाकले, तिच्या पैशाने पोकळ मातीत भिंत पुरण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही, आणि कोणत्याही धर्मगुरूलाही नाही.

आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे शेवटचे सांगणे एवढेच. वर्गणीची पावती फाडण्याआधी आणणाऱ्याला चार प्रश्न विचारा. भराव किती दिवसांचा आहे? पाया कशात जाऊन टेकणार आहे? पावसाचे पाणी कोठून जाणार आहे? आणि भिंतीच्या पलीकडे कोण झोपते? चौथ्याचे उत्तर ज्याला देता येत नसेल, त्याला पहिल्या तिन्हींचीही येणार नाहीत. अशा वेळी पैसे परत खिशात ठेवावेत, आणि घरातील कर्त्या माणसाने सायंकाळी उतार उतरून त्या पत्र्याच्या घरांपर्यंत एकदा जाऊन यावे. तेथील लोकांची नावे विचारून घ्यावीत. पुढच्या सभेत त्या नावांचा उल्लेख करूनच भिंतीचा विषय चर्चेला घ्यावा, असा ठराव आम्ही स्वतः मांडणार आहोत.